आमची काळी-पिवळी ही जीप आहे का?

आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मॅडमांनी मला प्रश्न पाठवला आहे. चौथीच्या वर्गात त्यांनी सांगितलं की 'जीप' हा शब्द 'जनरल पर्पज', म्हणजे 'सगळ्या कामांची गाडी', यातल्या जी आणि पी या अक्षरांवरून आला. त्यावर एका मुलानं उठून विचारलं, "मॅडम, मग आमच्या पप्पांची काळी-पिवळी जीप आहे का? मामा म्हणतोय, ती क्रूझर आहे, जीप नाही." मुलाला काय सांगू, आणि जीपीची गोष्ट खरी आहे का, असं मॅडमांनी विचारलं आहे. काळी-पिवळी म्हणजे आपल्याकडं गावोगाव भाड्यानं माणसं नेणारी गाडी, आणि क्रूझर हे अशा गाडीच्या एका मॉडेलचं नाव.

मॅडम, उमरग्यात हायवेच्या कडेला ४५ वर्षं मी जिपा खोलतोय आणि जोडतोय. या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे. थोडक्यात हवं असेल तर एवढंच: जीपीची गोष्ट सांगितली जाते तशी खरी नाही. मुलाच्या पप्पांची गाडी मराठीत जीप आहे. आणि मामाही चुकलेला नाही, तो गाडीच्या बाजूनं बोलतोय, मुलगा भाषेच्या बाजूनं.

जीपीपासून सुरू करतो, कारण मीही अनेक वर्षं हेच सांगत फिरलोय. १९७९ साली, सोळाव्या वर्षी, मी उस्तादांच्या हाताखाली लागलो. लष्कराच्या लिलावात निघालेल्या, पाच-सहा मालकांच्या हातून गेलेल्या युद्धकाळातल्या जिपा तेव्हा अधूनमधून गॅरेजात यायच्या. फौजी घाईत 'जीपी, जीपी' म्हणायचे, त्याचंच जीप झालं, असं उस्ताद सांगायचे. मग एक दिवस असल्याच एका गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, खोलताना मला बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' उठवलेला दिसला. एकाच नाही, बऱ्याच बोल्टांवर. उस्तादांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ये फोर्ड की है, बेटा." तोवर मला जीप म्हणजे विलीज या अमेरिकी कंपनीची गाडी एवढंच ठाऊक होतं. त्यांनी पुढची आडवी पट्टी दाखवली. विलीजच्या चेसिसला तिथं गोल नळी असते, फोर्डच्या चेसिसला उलट्या 'यू'सारखी पट्टी. एकाच रूपाच्या दोन गाड्या, दोन वेगळ्या कारखान्यांतल्या.

हा फोर्डच जीपीच्या गोष्टीचं मूळ आहे. १९४१ साली फोर्डनं अमेरिकी लष्कराला ज्या छोट्या गाड्या दिल्या, त्यांना कंपनीनं खरोखरच 'जीपी' नाव दिलं होतं. पण फोर्डच्या पद्धतीत 'जी' म्हणजे गव्हर्न्मेंट, सरकारी कंत्राटाची गाडी. आणि 'पी' हे ८० इंच व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या, टेहळणी गाडीसाठी ठरवलेलं खुणेचं अक्षर. पुढं विलीजच्या नकाशावर फोर्डनं गाड्या बनवल्या, तेव्हा त्यात विलीजचा 'डब्ल्यू' जोडला आणि नाव झालं जीपीडब्ल्यू. उस्तादांनी मला दाखवलेली ती हीच. 'पर्पज' हा शब्द या अक्षरांत कुठंच नव्हता. लष्कराच्या कागदावर तर गाडीचं नाव अगदी रुक्ष होतं: 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर'.

म्हणजे जीपी ही अक्षरं खरी, त्यांचा अर्थ मागून बसवलेला. अक्षरांचा आवाज 'जीप'ला जुळतो, त्यामुळं त्यांनी या नावाला बळ दिलं असेल, एवढं मी मानतो. पण नावाचा जन्म तिथं झाला नाही, कारण गाडी बनायच्या आधीपासून शब्द हवेत होता.

गाडी बनली कशी तेही थोडक्यात सांगतो, ती हकीकत मुलांना आवडेल. ११ जुलै १९४० ला अमेरिकी लष्करानं १३५ कारखान्यांना पत्रं धाडली: हलकी, चारही चाकांना जोर असलेली, टेहळणीची गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची अट होती १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. गाड्या जोडणाऱ्या माणसाला ही अट ऐकूनच कळतं की हे होणार नाही, आणि झालंही नाही, पुढं ती वाढवावी लागली. मुदतीत नमुना देण्याची तयारी एकाच कारखान्यानं दाखवली: पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम, अगदी लहान आणि डबघाईला आलेली कंपनी. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यानं दोन दिवसांत नकाशे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत हजर केला. पण एवढा छोटा कारखाना युद्धाला पुरणार कसा, म्हणून लष्करानं तेच नकाशे विलीज आणि फोर्डला दाखवले. शेवटी ६० अश्वशक्तीच्या दमदार इंजिनामुळं विलीजची गाडी निवडली गेली आणि मोठ्या संख्येनं बनवायला फोर्डही जोडीला आलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला काही हजार आल्या. ज्यानं पहिली चूल पेटवली त्याच्या ताटात एवढंच पडलं, याची मला अजून हळहळ वाटते.

आता शब्द. मुलांना पोपाय माहीत असतो, पालक खाऊन दंड फुगवणारा खलाशी. त्याच्या चित्रकथेत १९३६ साली ई. सी. सेगर या चित्रकारानं एक विचित्र प्राणी आणला: यूजीन द जीप. कुत्र्याएवढा, लांब शेपटीचा, भिंतीतून आरपार जाणारा, क्षणात इथून नाहीसा होऊन तिथं उगवणारा. तो एकच आवाज काढायचा: "जीप, जीप." जाईल तिथं वाट काढणारा हा प्राणी लोकांना इतका आवडला की अमेरिकेत कुठल्याही अजब, चपळ गोष्टीला 'जीप' म्हणायची पद्धत पडली. म्हणजे चार वर्षांनी ही गाडी आली तेव्हा शब्द तोंडातोंडी झालेला होता.

दुसरा धागा मला जास्त जवळचा, कारण तो गॅरेजातला आहे. १९४१ साली एका अमेरिकी मेजरनं लिहून ठेवलंय की 'जीप' हा लष्करी मिस्त्र्यांच्या बोलीतला जुना शब्द, पहिल्या महायुद्धापासूनचा. चाचणीसाठी आलेल्या, अजून न पारखलेल्या नव्या गाडीला ते जीप म्हणायचे. नव्यानं भरती झालेल्या कच्च्या पोरालाही जीप म्हणायचे. आमच्याकडं नव्या पोऱ्याला 'छोटू' म्हणतात तसंच. १९४० मध्ये ट्रॅक्टरपासून बनवलेल्या एका लष्करी गाडीलाही सैनिक जीप म्हणत होते. काही तुकड्यांत तर डॉजची मोठी गाडी 'जीप' आणि ही छोटी गाडी 'पीप' म्हणून ओळखली जायची. म्हणजे सुरुवातीला हे नाव कुणा एका गाडीचं नव्हतंच.

ते एका गाडीला चिकटलं १९४१ च्या सुरुवातीला. विलीजच्या लोकांनी आपली गाडी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांना दाखवायला संसद भवनाच्या पायऱ्यांवरून चढवून दाखवली. तिला म्हणतात काय, असं विचारल्यावर चाचणी चालक रेड हाउसमननं सांगितलं, जीप. छावणीत सैनिकांच्या तोंडी त्यानं तेच ऐकलं होतं. कॅथरीन हिलियर या पत्रकार बाईंनी बातमी लिहिली, आणि पायऱ्या चढणाऱ्या गाडीबरोबर नावही छापून देशभर गेलं. पुढं विलीजनं नावावर हक्क मागितला आणि १९५० मध्ये 'जीप' हा त्यांचा नोंदणीकृत शब्द झाला. सैनिकांच्या तोंडचं टोपणनाव एका कंपनीच्या मालकीचं झालं.

मला विचाराल तर खरा धागा मिस्त्री आणि सैनिकांचा. पोपायच्या प्राण्यानं त्याला लोकप्रिय केलं, फोर्डच्या अक्षरांनी हातभार लावला. वर्गात सांगताना 'जनरल पर्पजवरून आला असं खूप लोक म्हणतात' एवढं सांगा, आणि पुढं यूजीनची गोष्ट सांगा. मुलांना तीच लक्षात राहील.

इथवरचं सगळं अमेरिकेतलं. पण मुलाचा प्रश्न अमेरिकेचा नाही. त्याच्या पप्पांची गाडी उमरगा ते लोहारा रस्त्यावर चालते. म्हणून आपल्याकडची जीप बघू.

मराठवाड्याला मोटार नवी नव्हती. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती. म्हातारी माणसं बसला 'मोटार' म्हणायची, कित्येक अजून म्हणतात. जीप मात्र पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिली ती 'ॲक्शन'मध्ये, म्हणजे निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आमच्या आजोबांचं गाव त्याच रस्त्याला. ते सांगायचे, आधी रणगाड्यांची घरघर ऐकू आली, लोक उसाच्या फडात जाऊन बसले, आणि मग रणगाड्यांच्या मागं 'बिनटपाच्या बारक्या मोटारी' पळताना दिसल्या. त्यांना जीप म्हणतात हे आजोबांना नंतर कळलं. ते शेवटपर्यंत 'जीपगाडी' म्हणायचे, आगगाडी, मोटारगाडी म्हणावं तसं. नवा शब्द एकटा टिकेल की नाही याची खात्री नसली की आपले लोक त्याला 'गाडी'चा आधार देतात. तो रुळला की आधार काढून घेतात.

तो रुळायला फार काळ लागला नाही. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी विलीजशी करार केला. १९४० चं दशक संपता संपता मुंबईत माझगावला जिपा जोडल्या जाऊ लागल्या, पुढं त्या इथंच बनू लागल्या. सीजे-३बी हे त्यातलं आपल्याकडचं ओळखीचं रूप. उंच बोनटवरून ती लांबून ओळखू येते. तिच्या इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले होते, त्यामुळं इंजिनाची उंची वाढली आणि बोनटही उचलावं लागलं. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, आपल्याकडं तिचा वंश पुढं कितीतरी वर्षं चालला.

आणि ही गाडी खेड्यात कोण घेऊन आलं? सरकार. १९५२ पासून समुदाय विकासाचे गट सुरू झाले, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. गटविकास अधिकाऱ्याला जीप, पाटबंधारेवाल्यांना जीप, पोलिसांना जीप, आरोग्य केंद्राला जीप. रात्री शाळेच्या भिंतीला पडदा लावून सिनेमा दाखवणारी प्रचाराची जीप. मी नऊ वर्षांचा असताना, १९७२ च्या दुष्काळात, आई खडी फोडायला जायची. आम्ही पोरं सुकडी मिळायची म्हणून तिच्याबरोबर. लांब धुरळा उठला की मुकादम ओरडायचा, "जीप आली!" लगेच घमेली भरायची, मस्टर उघडायचं, बायका पदर सावरायच्या. त्या वेळी 'जीप' म्हणजे गाडी नव्हती, साहेब होता. वसुलीच्या दिवसांत तोच शब्द ऐकला की गडी माणसं मागच्या दारानं शेतात निघून जायची. तीन अक्षरंही नाहीत, पण या शब्दानं आमच्या गावात धाकही आणला आणि धान्यही आणलं.

इथं एक गोष्ट तुम्हाला शिक्षक म्हणून आवडेल. 'टीम', 'स्कीम' हे शब्द आपण वापरतो, पण त्यांचं रूप बदलत नाही. 'टिमेत', 'स्किमेला' कुणी म्हणत नाही. जीपचं तसं नाही. वीट, विटा, विटेला. जीभ, जिभा, जिभेला. तसंच जीप, जिपा, जिपेला. दुसऱ्या वेलांटीची पहिली होते तीही नेमकी मराठीच्या नियमानं. छापील मजकुरात 'जीपमध्ये' लिहितात, पण स्टँडवर उभं राहून ऐका: "जिपंत जागा हाय का?" ज्या शब्दाला अडाणी माणसानं स्वतःचं सामान्यरूप दिलं, तो शब्द परका राहत नाही. लिंगही पाहा. ओझं वाहणारे ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर बहुतेक पुल्लिंगी. माणसं नेणाऱ्या बस, एसटी, रिक्षा, जीप स्त्रीलिंगी. जीप आली ती गाडी आणि मोटारीच्या बहिणींत बसली. आणि जुनी, खिळखिळी झाली की तिचं 'जिपडं' होतं, नपुंसकलिंगी: "तुझं जिपडं आण की दारात." यात हेटाळणी असते आणि मायाही. आमच्या पलीकडं कर्नाटकात कन्नड माणूस 'जीपु' म्हणतो, त्यांच्या भाषेला शेवटी 'उ' लागतो तसा. गॅरेजात दोन्हीकडचे ड्रायव्हर येतात, एकाच बाकावर जिपंचं आणि जीपुचं रडगाणं सांगत बसतात.

वहीत मात्र मुलांना सांगा: गाडी लिहिताना दुसरी वेलांटी, आणि 'जि. प. शाळा' लिहिताना पहिली वेलांटी आणि टिंब. बऱ्याच वह्यांत मी 'जीप शाळा' वाचलंय.

आता शब्द साहेबाकडून प्रवाशाकडं कसा आला ते. ऐंशीच्या दशकात लांब चेसिसच्या, डिझेल इंजिनाच्या गाड्या आल्या. महिंद्राच्या गाड्यांत प्युजो इंजिन, मग कमांडर, मार्शल. दुसऱ्या बाजूनं बजाज टेम्पोची ट्रॅक्स, पुढं तिचीच क्रूझर. ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, ओएम ६१६. मी अशी कित्येक इंजिनं उतरवली आहेत, आणि आजही म्हणेन की वेळेवर ऑइल बदललं तर हे इंजिन मालकाआधी थकत नाही. या गाड्यांत समोरासमोर बाकं टाकली, काळा-पिवळा रंग मारला, आणि ज्या गावांना दिवसातून एकदाच एसटी जायची तिथं दर तासाला गाडी जाऊ लागली. भरली की निघाली. "एक सीट, एक सीट!" म्हणून किन्नर ओरडतोय, आत पंधरा माणसं, आणि तरी "सरका थोडं, बाई उभी हाय" चालूच. हा किन्नर म्हणजे क्लीनर. आपल्या भाषेनं त्यालाही धुऊन स्वतःचा करून घेतलाय.

कोल्हापूर-सांगलीकडं अशा वाहतुकीला 'वडाप' म्हणतात, आपल्याकडं 'काळी-पिवळी'. आणि वडाप असो की काळी-पिवळी, लोकांच्या तोंडी गाडीचं नाव जीपच. कायद्याच्या पुस्तकात तिला जीप म्हणत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला 'मॅक्सी कॅब' म्हटलंय. आरटीओत मॅक्सी कॅब, कंपनीत क्रूझर, रंगावरून काळी-पिवळी, आणि बसणाऱ्यासाठी जीप. मुलाच्या पप्पांच्या एका गाडीला चार नावं आहेत. यातलं एकही खोटं नाही.

असं होणं नवीन नाही. 'टेम्पो' हे जर्मनीतल्या एका कंपनीचं नाव. १९५८ पासून भारतात त्यांच्या तीनचाकी बनू लागल्या आणि मराठीत प्रत्येक छोटा मालट्रक टेम्पो झाला, मग तो कुणीही बनवलेला असो. 'जेसीबी' ही एका इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरं, जोसेफ सिरिल बॅमफर्ड. आपल्याकडं पिवळं, खोदणारं यंत्र दिसलं की जेसीबी. जीपचं तेच झालं, पण जगभर झालं. रशियात कुठल्याही उंच दणकट गाडीला 'जिप' म्हणतात. फिलिपाइन्समध्ये तर महायुद्धानंतर अमेरिकनांनी मागं सोडलेल्या जिपा लोकांनी लांब केल्या, समोरासमोर बाकं टाकली, रंगवल्या, आणि त्यांना 'जीपनी' म्हणू लागले. त्यांची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला परकं असं काही दिसलंच नाही. चमचमाट सोडला तर आपलीच काळी-पिवळी. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन गरीब मुलखांनी एकाच गाडीचं एकच करून ठेवलं.

वर्तमानपत्रं रोज उघडून बघा, 'क्रूझर जीप उलटली', 'बोलेरो जीपची ट्रकला धडक' असंच छापतात. म्हणजे 'जीप' हे आता जातीचं नाव झालं, 'क्रूझर' आणि 'बोलेरो' ही त्या जातीतल्या एकेकीची.

मला हा शब्द सर्वांत जड वाटला तो ३० सप्टेंबर १९९३ ला. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, सगळा पट्टा आमच्यापासून जवळ. उजाडायच्या आत एक माणूस सायकलवर गॅरेजच्या दारात आला. तो एवढंच म्हणाला, "जीप द्या." कसली, कुणाची, काही नाही. दुरुस्तीला आलेल्या तीन गाड्या होत्या: एक महिंद्रा, दोन ट्रॅक्स. एकीचा क्लच घसरत होता. तिन्ही काढल्या, मालकांना नंतर सांगितलं. जाताना पाण्याच्या टाक्या आणि टिकाव, येताना जखमी माणसं, मागचा फाळका पाडून आडवी ठेवलेली. त्या दिवशी कुणी 'ही जीप की ट्रॅक्स' असं विचारलं नाही. त्या माणसाच्या 'जीप'चा अर्थ होता: जिथं रस्ता उरला नाही तिथं जाणारं काहीतरी.

मामाचं म्हणणं काय आहे तेही मुलाला कळायला हवं, कारण त्यात गाडीचं खरं ज्ञान आहे. मूळ जीपचा जीव पुढच्या एक्सलमध्ये होता. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सातून ट्रान्सफर केसमध्ये येते, तिथून एक शाफ्ट मागं जातो आणि एक पुढं, त्यामुळं चारही चाकं ओढतात. आपल्या काळ्या मातीत मृगाचा पाऊस पडला की ती चाकाला पुरणासारखी चिकटते आणि चाक जागच्या जागी फिरतं. तेव्हा मागची दोन चाकं गाडी खड्ड्यात आणखी खोल घालतात, पुढची दोन तिला बाहेर खेचतात. याच्यासाठी ती गाडी जन्मली. पण प्रवासी वाहणाऱ्या बहुतेक क्रूझर, कमांडर, बोलेरो यांना पुढच्या चाकांना जोर नसतो. फक्त मागची चाकं ओढतात. ते स्वस्त पडतं, डिझेल कमी लागतं, दुरुस्ती कमी. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीखाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधे बघायचं. तिथं मागच्या हाउसिंगसारखाच लोखंडाचा गोल फुगवटा दिसला आणि त्यात शाफ्ट शिरताना दिसला, तर चारही चाकांना जोर आहे. मामा कदाचित हेच बघून 'ही जीप नाही' म्हणत असेल. मिस्त्री म्हणून मी त्याच्या बाजूचा.

दुसरी खूण तोंडाची. युद्धकाळातल्या पहिल्या विलीजला पुढं पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डनं पत्र्यातच उभ्या फटी ठोकून जाळी केली, नऊ फटींची. ती स्वस्त आणि हलकी, म्हणून विलीजनंही उचलली. १९४५ च्या नागरी जिपेपासून फटी सात झाल्या आणि तोच जीपचा चेहरा ठरला. हा चेहरा इतका मोलाचा की महिंद्रानं अमेरिकेत विकायला काढलेल्या रॉक्सर गाडीचं रूप आपल्या जीपसारखं आहे म्हणून जीपच्या मालकांनी तिथं तक्रार केली, आणि २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मग महिंद्राला रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. ज्या घराण्याला विलीजनंच जीप बनवायला शिकवलं होतं, त्याच्याशी हा वाद, याचं मला वाईट वाटलं.

आणि खरी, कागदोपत्री 'जीप' आज आपल्याच राज्यात बनते. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपास तयार होते. एकदा एक कंपास हायवेवर पंक्चर होऊन आमच्या दारात थांबली. बोनटवर 'जीप' ठळक लिहिलेलं. माझ्या नव्या पोऱ्यानं आत आवाज दिला, "चाचा, बाहेर कार आलीय." त्याच्या मागंच एक क्रूझर उभी होती. तिच्याबद्दल म्हणाला, "आणि मागं जीप हाय, पाट्याचं काम हाय." मी त्याला दुरुस्त केलं नाही. त्याच्या भाषेत तो बरोबर होता.

तेव्हा मॅडम, त्या मुलाला सांगा की पप्पांची गाडी मराठीत जीप आहे, आणि मामा म्हणतो ती अमेरिकेत जन्मलेली जीप तिची आजी आहे. फोर्डच्या त्या चेसिसचा सांगाडा मी अजून विकला नाही, गॅरेजच्या मागं लिंबाखाली ठेवलाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वर्ग घेऊन या. बोल्टवरचा 'एफ' प्रत्येक पोराला बोट लावून बघू देईन, नंतर एखाद्या काळी-पिवळीखाली सगळ्यांना वाकायला लावून पुढचा एक्सल दाखवीन. मामालाही बरोबर घेऊन यायला सांगा.